भंडारा उचल, रंग्या

अमृत हवालदार वाकला, तशी गोजरबाईनं पाय पोटाशी ओढून घेतले.

“आदी च्या प्या. मग काय ते वाका.”

अमृत घोंगडीवर बसला. समोर तिच्या बजरंगचा फोटो होता. याच पोराला कोठडीत मारल्याबद्दल अमृतला जन्मठेप झाली होती, आणि याच पोराच्या आईनं त्याला सोडवलं होतं. शेवगावहून येताना एसटीत तो सारखा डोळे पुसत होता. शेजारच्या माणसाला वाटलं, कुणीतरी गेलं असावं.

शिक्षा झाली ती एका साक्षीवर. ठाण्यासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या रंगनाथनं कोर्टात शपथ घेऊन धडधडीत सांगितलं, “मारणारे हेच हवालदार. मी डोळ्यांनी पाहिलं.” मारणारा साहेब दुसराच होता. पण टपरी त्याच्या मेहेरबानीवर चालायची. बळी तो कान पिळी.

कोर्टात खोटं बोलून आलेला माणूस आमच्या भागात घरी येऊन निवांत भाकरी खातो. पण खंडोबाचा भंडारा उचलून खोटं बोल म्हटलं, की त्याची बोबडी वळते. गोजरबाईनं नेमकं तेच केलं. एका दुपारी रंगनाथला देवळात नेलं आणि भंडाऱ्याची वाटी पुढं केली. “भंडारा उचल, रंग्या. कोर्टात बोललास त्येच आता बोल.” देवळात दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं. रंगनाथ रडला आणि खरं ते सगळं ओकला. बाईनं त्याला दंडाला धरून थेट अमृतच्या वकिलापुढं उभं केलं. हायकोर्टानं त्याची साक्ष पुन्हा घेतली आणि अमृत निर्दोष सुटला.

तिनं हे का केलं, याचं उत्तर अमृतनं मनाशी पक्कं केलं होतं. बजरंगला धरून आणलं त्या दिवशी ही ठाण्याच्या पायरीवर उन्हात बसली होती. आपण तिला पाणी दिलं, सावलीत बसवलं. पेरलं तसं उगवलं.

“मावशी, सख्ख्या भावानं तोंड फिरवलं. तुम्ही मात्र विश्वास ठेवलात. त्या दिवशी पाणी दिलं, तेवढं तुम्ही ध्यानात ठेवलंत.”

“कसलं पानी?” गोजरबाई म्हणाली. “मला न्हाई आठवत. आन इस्वास कसला, हवालदार? माझं पोरगं तुमीच मारलं, असंच मी धरून हुते. तुमी अपील केलं म्हनून कळलं. म्हनलं, सुटून येतोय का काय ह्यो मुडदा! रंग्याला भंडाऱ्यानं बांधून टाकावं, म्हंजे त्यो फिरायचा न्हाई. तुमाला मरंस्तवर आत ठिवायला गेल्ते मी.”

अमृतनं बशी खाली ठेवली. इतके दिवस तो समजत होता, आपल्या चांगुलपणाचं फळ मिळालं. फळबिळ काही नव्हतं. ज्या बाईनं त्याला रोज शिव्याशाप दिले, तिनंच त्याला घरी आणलं होतं. यात तिच्या पदरात काय पडलं? खरा मारणारा साहेब तर अपिलाआधीच जग सोडून गेला होता. शिव्या घालायला उरलेला एकुलता एक माणूसही तिनं गमावला होता. एवढे उपकार त्याच्यावर उभ्या जन्मात कुणी केले नव्हते.

“मावशी,” तो म्हणाला, “देवळात दुसरं कुणीच नव्हतं. तुम्ही गप्प बसला असतात, तर मी तुरुंगातच मेलो असतो. कुणाला कळलं असतं?”

“कुनाला म्हंजे?” गोजरबाई म्हणाली. “मला कळलं हुतं की, बाबा.”