न्हाणीचं पाणी

चारुताच्या लग्नाचं ते वर्ष. हळदीच्या अंघोळीला घरच्या विहिरीचं पाणी नव्हतं, टँकरचं घ्यावं लागलं, असं त्या घरातलं ते पहिलंच लग्न. त्याला महिना झाला होता. मे महिन्यातल्या एका शनिवारी चारुताची आजी, माई, न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आली, तेव्हा अंगणात ग्रामपंचायतीची मेघाली वही उघडून बसली होती.

पाम गावातल्या पाच घरांना ‘हरित घर’ अशी पाटी मिळणार होती. त्यासाठी ती घरोघरच्या सवयी लिहून घेत होती.

“बाजाराला पिशवी कसली नेता, आजी?”

“जुन्या लुगड्याची. मीच शिवते.”

“पाणी किती लागतं दिवसाला?”

“दोन हंडे. त्यातलं काय फुकट जात नाय. मासळी धुतलेलं मिरचीला, बाकी सगळं पाटाला.”

“आणि साबण?”

“नाय लावत. अंगाला बेसन, भांड्यांना राख. साबणाचं पाणी मुळांना सोसत नाय.”

मेघाली खूश झाली. अशी बाई आख्ख्या गावात नाही, असं म्हणून तिने पानभर लिहिलं. मग ती पाट बघायला उठली.

न्हाणीच्या मोरीतून पाट निघाला होता. वाटेत चिकूचं झाड होतं, अर्धं वाळलेलं. नेमका तिथेच पाटात उभा चिरलेला प्लास्टिकचा पाइप बसवला होता. चिकूच्या बुंध्यापासून हातभर अंतरावरून पाणी जात होतं आणि एक थेंबही मातीत मुरत नव्हता.

“आजी, चिकूला का नाही देत?”

“चिकू माझा हाय. तो समजून घेतो.”

पाट तारेच्या कुंपणापाशी संपत होता. कुंपणाला लागूनच माईचा दीर एकनाथ याच्या खोल्या होत्या. एका ओळीत सात, कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या. चौथ्या खोलीच्या पायातून पिंपळ वर आला होता, माणसाहून उंच. त्याच्या वरच्या भिंतीला हात आत जाईल एवढी भेग होती.

मेघालीला बघून एकनाथ लगबगीने कुंपणापाशी आला.

“बरं झालं बाय तू आलीस. लिव तुझ्या वहीत. ह्या झाडापायी भिंत पडंल. पंचायतीनं काढून न्यावं.”

“काका, माझ्या कागदावर झाडं लावायचा रकाना आहे. काढायचा नाही. तुम्हीच का नाही काढत?”

“पिंपळाला हात कोण लावील? गवंडी आणला व्हता. त्यानं झाड बघितलं नि थापी परत पिशवीत टाकली.”

तेवढ्यात चौथ्या खोलीतली बाई लोटा घेऊन बाहेर आली. तिने पिंपळाला पाणी घातलं, दोरा गुंडाळला, डोळे मिटून हात जोडले. मग एकनाथकडे वळून म्हणाली, “बाबूजी, दरवाज़ा फिर बंद नहीं हो रहा। ज़रा देखिए ना।”

माई खुदकन हसली.

एकनाथने तार धरली. “वयनी, तुझं पाणी तेवढं बंद कर. ही लोटाभर घालते त्यानं जगत नाय तो. ह्या उन्हात आपसूक मरंल. कुणाला काय करायला नको.”

“नाय.”

“न्हाणीचं पाणी घालतेस पिंपळाला. पाप लागंल.”

“लागू दे. विहिरीचं तुला लागलं, ह्याचं मला लागंल. घरातल्या घरात.”

“नळ देतो तुला. माझ्या खर्चानं देतो.”

“नळ नको. विहीर दे.”

“ती कुठनं देऊ आता? चवथ्या खोलीखाली गेली ती. दगडमाती टाकून बुजवली, तू बघत व्हतीस.”

“बघतच व्हते. नको बोलले, तर माझ्या वाट्यातली हाय बोललास. चारुताला टँकरच्या पाण्यानं न्हाऊ घातलं मी, एकनाथ. तू अक्षता टाकायला आलास, लाडू खाल्लेस. तवा मी काय बोलले?”

एकनाथने तार सोडली. लहानपणी ह्याच बाईने त्याला त्या विहिरीवर घासून अंघोळ घातली होती.

“तू नको देऊस विहीर,” माई म्हणाली. “मुळं गेलीत खाली. ती आणतील वर.”

“किती वर्सं घालशील अशी?”

“मी न्हाते तवर.”

मेघालीने खाली मान घालून वही चाळली. एक रकाना राहिला होता. जगवलेली झाडं किती, असा.

“एक लिव,” माईने सांगितलं आणि केसांचं पाणी पाटावर धरून पिळलं.

पाटी जूनमध्ये आली. दर्पणने, चारुताच्या भावाने, ती दारावर ठोकली.

माई त्याच वर्षी मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी पहाटे वारली. न्हाणीच्या दगडावर तिला अंघोळ घातली. खांदा द्यायला आलेला एकनाथ बाहेर पाटात पाय रोवून उभा होता. मोरीतून पाणी आलं तसा त्याने पाय उचलून घेतला आणि वाट दिली.