रक्ताचा माग

सकाळी मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात रक्ताचे डाग दिसले आणि गहिनीनाथच्या काळजात चर्र झालं. एका मेंढीचा खूर सडला, की अख्खा कळप लंगडतो.

"आधी शुगरची गोळी घ्या," बायको तुळजाबाई म्हणाली.

"मेंढरू मरतंय अन् तुला गोळी सुचतीया!"

त्यानं साठच्या साठ मेंढरांचे खूर उलटून पाहिले. कुठं काटा नाही, जखम नाही. डाग मात्र वाढतच होते.

तुळजाबाई डागांच्या मागं मागं चालत आली आणि त्याच्याजवळ येऊन थांबली.

"आवं, रगत तुमच्या चपलेतून गळतंय! बाभळीचा काटा पार टाचेत घुसलाय. दुखंना का?"

 

त्यानं चप्पल काढून टाच बोटानं दाबून पाहिली. "न्हाई गं... कायबी जाणवत न्हाई."