पायपुसण्यावरचा माणूस

“वॉरंटशिवाय सरकारला कुणाच्या घरात शिरता येत नाही,” दिगंबरराव नातीला, ईराला, अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती सोपी करून सांगत होते. इतक्यात बेल वाजली. त्यांच्या सुनेने, केतकीने, दार उघडलं.

पायपुसण्यावर आरोग्य खात्याचा अधिकारी उभा होता.

“आत या ना.”

“नको मॅडम, तो अधिकार मला नाही,” तो अदबीने म्हणाला. “पण सांडपाणी घराबाहेर आलं की ते तुमचं राहत नाही. तुमच्या ड्रेनेजच्या पाइपातला सेन्सर सांगतो, तुम्ही सात आठवड्यांच्या गरोदर होतात. मंगळवारपासून नाही. या राज्यात गर्भपात गुन्हा आहे. काय केलंत ते लेखी द्या.”

केतकीने चौकट घट्ट धरली. तिसरा महिना सरेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून नवऱ्याखेरीज तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. गर्भ पडला तेव्हाही ती नळ सोडून रडली होती.

“मी काहीच केलं नाही,” ती कसंबसं म्हणाली.

“आजोबा, ते आत आले नाहीत,” ईराने विचारलं. “म्हणजे त्यांनी नियम पाळला ना?”

दिगंबररावांना मळमळून आलं. ते बाथरूमकडे धावले, बेसिनवर वाकले आणि खालचा पाइप दिसताच एकदम थांबले. तोंडावर हात दाबून ते मागच्या अंगणात गेले आणि कुंपणाशी, मातीत ओकले.