अंगठ्यापुरती स्प्रिंग

“ओढा बघू घोडा,” ग्रोव्हर म्हणाला.

इडेलबाईंनी रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरलं. सांधेदुखीनं वाकलेला अंगठा घोड्यावर टेकवला. घोडा निम्म्यावर आला आणि निसटला.

“रॉस्कोच्या हातात कसं लोण्यासारखं चालायचं मेलं! माझ्याशीच वैर.”

त्यांच्या नवऱ्याला, रॉस्कोला जाऊन सहा आठवडे झाले होते. जुन्या घाटाचं, बंदुकीची काळी दारू ठासून भरायचं हे रिव्हॉल्व्हर त्यानं नवं कोरं आणलं, तेव्हा बंदुका दुरुस्त करणाऱ्या ग्रोव्हरनंच आपल्या गॅरेजात ते घासूनपुसून सुतासारखं केलं होतं. बाईंनी त्याला कधी हात लावला नव्हता.

“हलकं करून दे. माझ्या अंगठ्यापुरतं.”

“पण कशाला, इडेलबाई?”

“एकदाच उडवायचंय. मग परत नको.” त्यांनी नजर वळवली. “आणि मुलांपाशी बोलू नकोस. आडवी येतील.”

ग्रोव्हर आधीच थकला होता. वाकून वाकून पाठ गेलेली. दोन वर्षांपूर्वी असंच एक रिव्हॉल्व्हर त्यानं शेजाऱ्याला नीट करून दिलं होतं. आठवड्यानं त्याच शेजाऱ्याच्या दफनाला जायचा त्याला धीर झाला नव्हता.

नाही म्हटलं, तर बाई दुसरीकडे नेणार. त्यानं काम घेतलं. घोड्याची स्प्रिंग दगडावर घासत बसला. अंगठ्याला झेपेल तिथं थांबायचं असतं. तो थांबला नाही. घासली, आणखी घासली. आता घोडा एका बोटाच्या जोरानं ओढला जाई. पण पडे तो इतका मऊ, की खालची, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी फुटायचीच नाही, आणि बार उडायचाच नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं जाणूनबुजून काम बिघडवलं.

बाईंनी घोडा ओढून पाहिला, आणि लहान मुलीसारख्या हसल्या. त्याला काही ते हसू बघवलं नाही.

रविवारी दुपारी त्या परत आल्या. बुटांना नदीकाठचा चिखल. चेहरा उतरलेला.

“नाही उडालं रे. पाच वेळा चाप ओढला. नुसतंच टक्.”

जिवंत होत्या. ग्रोव्हरचा जीव भांड्यात पडला. “असू दे, इडेलबाई. आणा इकडे,” म्हणत त्यानं हात पुढे केला. बाईंनी रिव्हॉल्व्हर पटकन सोडलं नाही.

“टोप्या काढल्यात, पण भरलेलंच आहे. सावकाश उपस, पोरा. दारूवर राख आहे रॉस्कोची. ‘इडे, नदीवर तूच उडव मला,’ म्हणाला होता.” त्यांनी अलगद ते त्याच्या ओंजळीत ठेवलं. “सांडू नकोस हं त्याला.”