साखळी टाका

“हे तू काढलंस?” मेघनाबाईंनी रुमाल उलटा धरून विचारलं.

“हो बाई.”

“खरं सांग, शेफाली.”

“मीच काढलं, बाई.”

रुमालाच्या कोपऱ्यात जास्वंदीचं फूल होतं, साखळी टाक्यात भरलेलं. पुढून ते सुबक होतंच, पण मेघनाबाई भरतकाम पुढून कधी बघत नसत. कच्चा हात मागून ओळखू येतो. मागे गाठींचा गुंता असतो, दोरा इकडून तिकडे ओढलेला असतो. या रुमालाच्या मागे एक गाठ दिसेल तर शपथ. चौथीतल्या मुलीचं हे काम नव्हे, हे सांगायला बाईंना चष्मासुद्धा लागला नसता.

मेघनाबाई कार्यानुभवाच्या विशेष शिक्षिका. लालबाग-परळच्या चार शाळांना मिळून त्या एकट्या. या शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी चौथीला एकेक तास. त्यातला शुक्रवारचा गणिताच्या बाई हक्काने मागून घेत, कारण गणिताची परीक्षा होते आणि शिवणाची होत नाही. उरलेल्या एका तासात पस्तीस मुलांना सुईत दोरा ओवायला शिकवायचं, गाठ मारायला शिकवायचं आणि कुणाला टोचलं तर रक्त पुसायचं. दिवाळीपर्यंत मुलांचा धावदोरा सरळ आला तरी बाई खूश असत. साखळी टाका त्यांनी अजून फक्त फळ्यावर काढून दाखवला होता.

वॉर्डाच्या प्रदर्शनाला वर्गातून एकच वस्तू जायची होती. शेफालीला आपला रुमाल तिथे जायला हवा होता, जीव तुटेपर्यंत हवा होता. गणिताच्या तासाला ती उभी असायची. इंग्रजीच्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपायची. तिच्या वहीवर आजवर कुणी चांगला शेरा मारला नव्हता. रुमाल दिल्यापासून ती बाईंच्या मागे मागे फिरत होती. “बाई, माझा जाणार ना?”

मुलांच्या नावावर स्वतःची हौस भागवणाऱ्या पालकांचा बाईंना मनस्वी राग होता. गेल्या वर्षी एका मुलाचे वडील पुठ्ठ्याचा किल्ला टेम्पोतून घेऊन आले होते आणि मुलाला त्याचे बुरूजसुद्धा मोजता आले नव्हते. बाईंनी शेफालीच्या आईला शुक्रवारी बोलावून घेतलं.

सुभद्रा आली आणि मुलांच्या बाकावर अंग चोरून बसली. बाई एक छापील कागद भरत होत्या. शिकवणं सोडून बाकीची सगळी कामं शाळेने विशेष शिक्षकांच्याच गळ्यात घातली होती.

“तुमच्या चाळीत मुलांना कुणी कामाला बसवतं का हो?” बाईंनी मान वर न करता विचारलं. “घरी किंवा बाहेर? वरून माहिती मागवलीय. सापडलं तर थेट चौकशी लागते म्हणे.”

“छे, बाई. आमच्याकडची सगळी पोरं शाळेत जातात.”

बाईंनी चौकटीत ‘निरंक’ लिहिलं आणि कागद बाजूला सारला. मग रुमाल पुढे केला.

“हा तुम्ही काढलात ना?”

सुभद्राने रुमालाकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. “ती काय बोलली?”

“ती म्हणते, तिने काढला.”

सुभद्राने रुमाल हळूच बाईंकडे परत सरकवला.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “शेफाली, इकडे ये. माझ्यासमोर चार टाके काढून दाखव. जमलं तर तुझाच रुमाल जाईल. वचन देते.”

शेफालीचा चेहरा फुलला. तिने दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि एका झटक्यात सुईत ओवलं. आपण शिकवलेलं निदान एवढं तरी हिला आलं, म्हणून बाईंना बरं वाटलं.

“नीट बघून काढ हां,” सुभद्रा हळूच म्हणाली. “बाई बघताहेत.”

शेफालीने आईकडे पाहिलं. तिचा हात थांबला.

मग तिने पहिला टाका घातला, तो भलतीकडेच गेला. दुसरा इतका घट्ट ओढला की कापडाला चुण्या पडल्या. तिसऱ्याला दोऱ्याची गाठ बसली. चौथ्याला सुई बोटात गेली. ती रडली नाही. बोट तिने फ्रॉकला पुसलं.

बाईंनी कापड काढून घेतलं. आपला अंदाज बरोबर आल्याचं समाधान त्यांना झालं, आणि पोरीची दयाही आली.

सुभद्राने हात जोडले. “चुकलं, बाई. मीच काढला. पोरीचं नाव व्हावं म्हणून केलं.”

“अहो, असं नाव होत नाही. तिच्या हातांना करू द्या की काहीतरी! वाकडं येऊ दे, पण तिचं येऊ दे. तुम्हीच सगळं करत बसलात तर ती शिकणार कधी?”

“हो, बाई.”

बाईंनी यादीतलं शेफालीचं नाव खोडलं आणि मनवाचं लिहिलं. मनवाने धावदोऱ्याचं एक बदक काढलं होतं आणि त्याला तीन पाय होते. पण ते तिचं होतं, यात शंका नव्हती. शेफाली ते लिहिणं बघत उभी होती.

फाटकाबाहेर आल्यावर तिला हुंदका आवरेना. लोक वळून बघायला लागले, तशी सुभद्राने तिला भिंतीकडे घेतलं, पदराने तिचे डोळे पुसले, टोचलेलं बोट स्वतःच्या तोंडात धरलं. तिचेही डोळे भरून आले होते.

“रडू नको गो,” ती म्हणाली. “शाळेत वाकडं काढलंस ते बरं केलंस. आता घरी सरळ काढ. गणपतीचे बारा शेले भरायचे राहिलेत तुझे, आणि शेटचा माणूस सहाला येतो.”