दोराची कडी

हॉलिवूडजवळच्या बरबँकमधल्या थिएटरात सुपरहिरोच्या सिनेमाचा दुसरा भाग प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना दाखवून झाला. दिवे लागताच मागच्या रांगेत मारिसोल सावरून बसली. हिरोच्या जागी मुखवटा घालून पुलावरून उडी शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, वेस्लीनं मारली होती. कमरेचा दोर नंतर कॉम्प्युटरवर पुसला गेला. त्या दोराची लोखंडी कडी मात्र वेस्लीच्या किल्ल्यांना लटकायची. ती दारात खुळखुळली, की तो सुखरूप आला म्हणून मारिसोलला धीर यायचा. “काय आवडलं, काय खटकलं?” पडद्यासमोर उभ्या राहिलेल्या स्टुडिओच्या बाईंनी प्रेक्षकांना विचारलं. “व्हिलन झकास!” एक पोरगी म्हणाली. “पण ती पुलावरची उडी? साफ खोटी. कॉम्प्युटरची करामत, दुसरं काय!” सगळे हसले. “जाऊ दे रे, त्यांना काय कळतंय?” मारिसोल वेस्लीच्या कानात कुजबुजली. त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या, कडी सोडवली आणि तिच्या तळहातावर ठेवली. “ही घरीच ठेव,” तो म्हणाला. “तिसऱ्या भागात लागायची नाही. दोराशिवायच उडी मारणार मी.”