माळावरचं गवत

केमोच्या पहिल्या डोसनंतर तिचे करडे केस पुंजक्यापुंजक्यांनी गळू लागले. रोज सकाळी ती उठायच्या आत नवरा उशीवरचे केस अलगद वेचून न्यायचा, एकही मागे ठेवायचा नाही. जन्मभर ज्याला त्या खेळण्यातल्या आगगाडीपलीकडे काही दिसलं नाही, तो आपल्याला वाईट वाटू नये म्हणून एवढं जपतोय, या विचाराने तिचा ऊर भरून यायचा.

"आजारपणाने का होईना, नवरा सापडला गं मला," ती बहिणीला फोनवर म्हणाली.

आठवड्याभराने तो तिला हात धरून मागच्या खोलीत घेऊन गेला. टेबलभर पसरलेल्या रुळांच्या कडेला, इवल्याशा स्टेशनाच्या पुढे, वर्षानुवर्षं उघडाबोडका पडलेला माळ होता. आता त्यावर वाळलेलं, करडं गवत दाट उभं होतं. शेजारून गाडी गेली तसं ते हललंसुद्धा.

तिचा हात आपसूक डोक्यावरच्या रुमालाकडे गेला.



"बोगद्याकडचा तुकडा तेवढा राहिलाय," डिंकाचा ब्रश पुसत तो म्हणाला, "पुढचा डोस कधी आहे गं?"